जिभेला वळण कोण लावतं?

सकाळची वेळ, एसटी स्टँडवरची चहाची टपरी. कडेवर आठ-नऊ महिन्यांचं बाळ घेऊन एक तरुण आई बाकावर टेकते. कागदी कपातल्या चहात बिस्कीट बुडवते आणि ते गळून पडायच्या आत बाळाच्या तोंडात घालते. बाळ चोखतं, डोळे मिचकावतं, पुन्हा हात पुढे करतं. शेजारची आजी कौतुकाने म्हणते, "बघ गं, कसं आवडलं त्याला!"

या दृश्यात वाईट कुणीच नाही. आई दमलेली आहे, बाळ भुकेलेलं आहे, आजीच्या मनात माया आहे आणि खिशातल्या चार पैशांत वेळ भागते आहे. तरीही हे दृश्य दिसलं की माझ्या पोटात कालवतं. त्या बाकावर एक शाळा भरलेली असते. एका जिभेला पहिला धडा दिला जात असतो, आणि तो धडा आईने, आजीने, आपण कुणीच विचारपूर्वक निवडलेला नसतो.

मुलाच्या अक्षराला वळण लागावं म्हणून आपण झटतो. त्याचं बोलणं सुधारावं, उच्चार शुद्ध यावेत, मोठ्यांशी अदबीने बोलावं, यासाठी त्याच्या जिभेवर आपलं सतत लक्ष असतं. तीच जीभ काय चाखते, कशाला नाक मुरडते, कशासाठी हट्ट धरते, हे मात्र आपण तिच्या नशिबावर सोडून देतो. "आमच्या बाळ्याला भाजी आवडतच नाही," "आमच्याकडे कारलं कुणी तोंडात घेत नाही," "मला चहावाचून सुचत नाही." डोळ्यांचा रंग सांगावा तसं आपण हे सांगतो. पण आवड बरीचशी अक्षरासारखी असते. ती गिरवून येते. आणि जे गिरवून येतं, त्याची जबाबदारी गिरवून घेणाऱ्यावर असते. एवढंच मला या लेखात सांगायचं आहे. त्याचे परिणाम मात्र स्वयंपाकघरापासून सरकारी फायलीपर्यंत पोचतात.

जन्मतः जीभ अगदी कोरी नसते, हे आधी मान्य करायला हवं. नवजात बाळाच्या ओठांवर गोड थेंब ठेवला तर त्याचा चेहरा सैलावतो. कडू ठेवला तर ते तोंड वाकडं करतं. यामागे लाखो वर्षांचं शहाणपण आहे. गोड म्हणजे ऊर्जा आणि आईचं दूध. कडू म्हणजे कदाचित विष, कारण रानातली अनेक विषं कडू असतात. गोड ओळखायला माणसाच्या जिभेवर मुख्यतः एकच प्रकारचा ग्राही (रिसेप्टर) असतो. कडू ओळखायला मात्र सुमारे पंचवीस प्रकारचे. निसर्गाने दारावर पंचवीस पहारेकरी उभे केले, ते जीव वाचावा म्हणून. लहान मूल मेथी थुंकतं तेव्हा ते आपला अपमान करत नसतं. हा जुना पहारा आपलं काम करत असतो.

त्यात माणसामाणसाचा फरकही असतो. १९३१ साली आर्थर फॉक्स नावाच्या अमेरिकी रसायनशास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेत एका रसायनाची पूड हवेत उडाली. जवळचा सहकारी कडू लागतं म्हणून तक्रार करू लागला. फॉक्सना स्वतःला काहीच चव लागली नाही. पुढे हा फरक आनुवंशिक असल्याचं सिद्ध झालं आणि २००३ मध्ये त्यामागचं जनुकही सापडलं. म्हणजे एकाच पंगतीत बसलेल्या दोघांना एकच कोबी वेगवेगळा कडू लागू शकतो. "काही कडू नाही, मी खाल्लंय ना!" असं मुलाला दटावणारा बाप मुलाच्या जिभेने जेवलेला नसतो. घरातल्या ज्या मुलाला आपण नखरेल म्हणतो, ते कदाचित फक्त खरं सांगत असतं.

पण पहारेकऱ्यांची समजूत घालता येते. कडू कारलं साखरेत घोळलं तरी कडू ते कडूच, असं आपली म्हण सांगते, आणि कारल्यापुरतं ते खरंही आहे. कारलं बदलत नाही; खाणारा बदलतो. जिभेला हाड नसतं, असं आपण बेताल बोलणाऱ्याला म्हणतो. खाणाऱ्या जिभेलाही हाड नाही, म्हणून तर ती वळते.

हे वळण पाळण्याच्याही आधी सुरू होतं. अमेरिकेतल्या फिलाडेल्फियाच्या मोनेल संस्थेत ज्यूली मेनेला यांनी २००१ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. काही गर्भवतींनी शेवटच्या महिन्यांत नियमित गाजराचा रस घेतला होता. त्यांच्या बाळांना पुढे गाजर घातलेली पेज दिली, तेव्हा इतर बाळांपेक्षा त्यांनी ती कमी कुरकुर करत खाल्ली. त्याच संस्थेत त्याच्या दहा वर्षं आधी असंही दिसलं होतं, की आईने लसूण खाल्ला तर त्याचा वास दुधात उतरतो आणि बाळ उलट अधिक वेळ स्तनाशी राहतं. हे वाचलं आणि मला आपल्या बाळंतिणीचं ताट आठवलं: बाजरीची भाकरी, लसणाची चटणी, मेथीचे लाडू, अळीवाची खीर, जेवणानंतर बाळंतशोपा. आपल्या आज्यांनी हे ताट बाळंतिणीच्या पाठीसाठी आणि दुधासाठी मांडलं होतं. पण त्याच ताटातून बाळाला घराच्या चवींची ओळख होत होती. आज बाळंतिणीला "बाळाला बाधेल" म्हणत आठवडेच्या आठवडे फक्त तूप-भातावर ठेवणारी घरं आहेत. ती आईला उपाशी ठेवतात आणि बाळालाही एका चवीवर कोंडून टाकतात.

पुढचा धडा सहा महिन्यांनंतरचा. लीअन बर्च या अमेरिकी मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९८० च्या दशकापासून लहान मुलांच्या खाण्याचा अभ्यास केला. त्यांच्या आणि त्यांच्या वाटेने गेलेल्या संशोधकांच्या कामाचं सार प्रत्येक घरात फळीवर चिकटवून ठेवावं असं आहे. नवा पदार्थ मुलाला आवडायला साधारण आठ ते पंधरा वेळा चाखावा लागतो. आपण तिसऱ्या-चौथ्या वेळी हात टेकतो आणि "याला आवडत नाही" अशी मोहर उठवतो. ती मोहर मूल आयुष्यभर वागवतं.

त्याच संशोधनात आणखी दोन गोष्टी दिसल्या, आणि त्या दोन्ही आपल्या घरात रोज घडतात. नाक दाबून, मांडीखाली दाबून धरून भरवलेला घास मुलाच्या मनात त्या पदार्थाविषयी राग रुजवतो. आणि बक्षिसाच्या आशेने खाऊ घातलेला पदार्थ पुढे आणखी नकोसा होतो. "भाजी संपवलीस तर चॉकलेट देईन" या वाक्यात मुलाला अगदी स्वच्छ ऐकू येतं: भाजी ही शिक्षा, चॉकलेट हे सुटकेचं फळ. हे वाक्य मीही माझ्या घरात कित्येकदा बोललो आहे. त्या प्रत्येक वेळी मी भाजीची बाजू मांडतो आहे असं मला वाटत होतं. प्रत्यक्षात मी तिच्याविरुद्ध साक्ष देत होतो.

मग करायचं काय? उत्तर आपल्याच पानावर वाढलेलं आहे. पारंपरिक पानाची डावी बाजू आठवा. वर मीठ, मग लिंबाची फोड, चटणी, लोणचं, कोशिंबीर. बोटभर आंबट, चिमूटभर तिखट, जिभेच्या टोकापुरतं कडू-तुरट. आयुर्वेद सहा रस सांगतो: मधुर, अम्ल, लवण, कटू, तिक्त आणि कषाय. डावी बाजू म्हणजे या रसांची रोजची उजळणी. सक्ती नाही, संपवलंच पाहिजे असं नाही, पण रोज समोर येणार आणि आई-बाबा चवीने खाताना दिसणार. बर्चबाईंनी प्रयोगशाळेत जे मोजलं ते या बोटभर वाढण्यात होतं. आपण काय केलं? डावी बाजू सणावारापुरती ठेवली आणि रोजच्या पानात सॉसची बाटली आणून उभी केली. टोमॅटो सॉसमध्ये आंबट आहे, खारट आहे, आणि सगळ्यावर भरपूर साखर आहे. त्यात बुडवलेल्या प्रत्येक पदार्थाची चव एकच होते. मूल पोळी खातं, भजी खातं, बटाटा खातं, आणि शिकतं मात्र फक्त सॉस.

जिभेला शिकवता येत नाही असं अजूनही ज्यांना वाटतं, त्यांनी आपल्या मिरचीकडे पाहावं. मिरची मूळची अमेरिका खंडातली. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांच्या जहाजांतून ती आपल्या किनाऱ्यावर उतरली. त्याआधी महाराष्ट्राला ठेचा ठाऊक नव्हता, तांबडा रस्सा नव्हता, लवंगीचा ठसकाही नव्हता. शिवाय तिखट ही शास्त्राच्या दृष्टीने चवच नव्हे. डेव्हिड ज्युलियस यांनी १९९७ मध्ये दाखवलं, की मिरचीतलं कॅप्सेसिन जळजळीत उष्णता जाणवून देणाऱ्या ग्राहीलाच चेतवतं. २०२१ च्या नोबेल पारितोषिकात या कामाचा वाटा होता. म्हणजे झणझणीत खाणारा माणूस भाजल्याची वेदना आवडीने खातो. पॉल रोझिन या मानसशास्त्रज्ञाने मेक्सिकोतल्या एका खेड्यात पाहिलं, की तिथली लहान मुलं तिखटापासून दूर पळतात. पण मोठी माणसं रोज चवीने खाताना दिसतात, ताटात थोडं थोडं तिखट येत राहतं, कुणी जबरदस्ती करत नाही, आणि शाळकरी वयात मुलं आपण होऊन मिरची मागू लागतात. त्याच घरांतलं तेच तिखट उरलंसुरलं खाणाऱ्या कुत्र्या-डुकरांना मात्र ही गोडी लागलेली दिसली नाही. पंगतीत बसलेल्या माणसालाच ती लागते. जो समाज चार-पाच शतकांत वेदनेला "वा!" म्हणायला शिकला, त्याच्या मुलांना दुधी भोपळा शिकणं जमणार नाही, असं मानायला मी तयार नाही.

आता पुन्हा त्या चहा-बिस्किटाकडे. १८९० साली पुण्यातल्या पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये एका व्याख्यानानंतर पाहुण्यांपुढे चहा आणि बिस्किटं आली. पाहुण्यांत टिळक होते, न्यायमूर्ती रानडे होते. कुणी चहा घेतला, कुणी नुसता हात लावला. गोपाळराव जोशी यांनी उपस्थितांची नावं जाहीर केली आणि शहरात ग्रामण्य, म्हणजे जातिबहिष्काराचा वाद, उभं राहिलं. शंकराचार्यांपर्यंत तक्रार गेली, चौकशी झाली, बहिष्कार पडले, प्रायश्चित्तं झाली. आज त्याच पुण्यात, आणि राज्यातल्या बहुतेक घरांत, उजाडताच चहा-बिस्किट लागतं. सव्वाशे वर्षांत धर्मभ्रष्टतेची खूण दिनचर्येचा भाग झाली.

हे आपोआप झालं नाही. चहा मुळात कडवट-तुरट. भारतीय जिभेला तो शिकवण्यात आला. १९०३ साली इंग्रज सरकारने चहाच्या निर्यातीवर उपकर बसवला आणि त्या पैशातून चहाचा प्रचार सुरू झाला. १९३० च्या दशकातल्या मंदीत परदेशी गिऱ्हाईक घटलं, तेव्हा तो प्रचार आपल्या घरांकडे जोराने वळला: स्टेशनांवर पाट्या, बाजारात फुकटचे पेले, गावोगाव प्रात्यक्षिकं. आपण त्या कडवटपणात दूध आणि साखर घातली. नको असलेली चव आवडीच्या चवीचा हात धरून आली, रोज आली, पाहुणचाराच्या गोड शब्दांबरोबर आली, आणि जिभेने तिला घरात घेतलं. जिभेला वळण लावण्याचे सगळे नियम व्यापाऱ्याला आधीच ठाऊक होते. आई-बापांना आणि शाळांना ते अजून कुणी सांगितले नाहीत, हा आपल्या समाजाचा दोष आहे.

आणि व्यापारी आजही थांबलेला नाही. मुलाच्या हातातलं रंगीत पाकीट हे अभ्यासून बनवलेलं असतं: किती साखर, किती मीठ, किती कुरकुरीतपणा ठेवला की हात पुन्हा पाकिटात जाईल. गोड आणि खारट या जिभेच्या जन्मजात ओढी. त्यांच्यावर घाव घातला की शिकवायची गरजच उरत नाही. जागतिक आरोग्य संघटना सांगते, की रोजचं मीठ पाच ग्रॅमच्या आत असावं आणि वरून घातलेल्या साखरेतून येणारी ऊर्जा एकूण ऊर्जेच्या दहा टक्क्यांच्या आत. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीने देशात दहा कोटींहून अधिक मधुमेही असल्याचा अंदाज दिला. या आकड्याला केवळ जीभ कारण आहे असं कुणी म्हणणार नाही. पण त्यातल्या कित्येकांच्या जिभेचा पहिला धडा एखाद्या बाकावर, अशाच एखाद्या कपात झाला असणार.

इथवर गोष्ट आरोग्याची होती. पण जिभेच्या शाळेत आणखी एक विषय शिकवला जातो, आणि तो जास्त घातक आहे: किळस.

रांगतं मूल हाती लागेल ते तोंडात घालतं. माती, चप्पल, मेलेला किडा. किळस त्याला जन्मतः नसते. आपण त्याला ती शिकवतो. काही किळस जीव वाचवते, ती शिकवायलाच हवी. पण आपण त्याबरोबर माणसांची किळसही शिकवली. २० मार्च १९२७ रोजी महाडला डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांच्याबरोबरचे अस्पृश्य मानले गेलेले हजारो लोक चवदार तळ्याचं पाणी प्याले. नंतर सनातन्यांनी शेण-गोमूत्राच्या घागरी ओतून ते तळं "शुद्ध" केलं. पाण्याची चव बदलली नव्हती, वास नव्हता, रंग नव्हता. ज्या पाण्याला गुरंढोरं तोंड लावत होती, ते माणसांच्या ओंजळीने विटाळलं. ती किळस जिभेवर नव्हतीच. ती डोक्यात रुजवलेली होती आणि जिभेच्या नावाने बोलत होती.

ती आजही बोलते. शाळेच्या मधल्या सुट्टीत सुकटाची चटणी आणलेलं मूल डबा झाकून खातं. भाकरी आणलेलं मूल पोळीवाल्यांपासून लांब बसतं. शहरात भाड्याचं घर देताना "तुम्ही नॉनव्हेज खाता का?" हा प्रश्न आडनावाच्या जागी विचारला जातो. शाहू पाटोळे यांनी 'अन्न हे अपूर्णब्रह्म' या पुस्तकात मराठवाड्यातल्या दलित घरांच्या खाद्यसंस्कृतीची नोंद केली, तेव्हा मराठी वाचकाला कळलं, की ज्याला आपण "मराठी खाद्यसंस्कृती" म्हणत होतो ती काही घरांपुरतीच होती. मला एखादा पदार्थ आवडत नाही, हे म्हणण्याचा हक्क मला आहे. "मी खात नाही" इथे वाक्य संपायला हवं. "शी, हे काय खातात!" हे पुढचं वाक्य पदार्थाविषयी नसतं. मूल ते ऐकतं आणि डब्याबरोबर डबा आणणाऱ्याचीही पायरी ठरवायला शिकतं.

ताटातली ही उतरंड धान्यालाही चुकली नाही. ज्वारी-बाजरी-नाचणीला आपण "भरड" म्हटलं. पोळी पाहुण्याची आणि भाकरी घरच्याची झाली. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने तांदूळ तीन रुपये, गहू दोन रुपये आणि भरड धान्य एक रुपया किलो असा भाव लावला. गरिबाच्या सोयीसाठीच लावला. पण मान किती, तेही त्यातून कळलं. २०१८ मध्ये केंद्र सरकारने याच धान्यांना "पोषक धान्य" असं नाव दिलं आणि २०२३ हे संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्य वर्ष म्हणून साजरं केलं. आता शहरातल्या चकचकीत दुकानात नाचणीची बिस्किटं महागड्या भावाने मिळतात, आणि कोकणातली, सह्याद्रीच्या कुशीतली जी घरं पिढ्यान्‌पिढ्या नाचणी खात आली त्यांची मुलं पांढऱ्या पोह्यांवर आणि मैद्याच्या पावावर वाढत आहेत. आपण त्यांना त्यांच्या ताटाची लाज शिकवली, आणि ताट रिकामं झाल्यावर त्यातलं अन्न दुकानात मांडलं.

सरकारनेही जिभेला फार हलकं लेखलं. १९७२ च्या दुष्काळात परदेशातून लाल मिलो ज्वारी आली. लोकांनी ती खाल्ली, कारण दुसरं काही नव्हतं. ती पिढी आजही "मिलो" हा शब्द ज्या सुरात उच्चारते, तो सूर नुसत्या चवीचा नाही. निवड हिरावली गेल्याचा आहे. आज अंगणवाडीतून घरी नेण्याची पोषक मिश्रणाची पाकिटं मिळतात. चव आवडत नाही म्हणून ती गुरांपुढे जातात, अशा तक्रारी वर्षानुवर्षं ऐकू येतात. लोह मिसळलेले तांदूळ अनेक घरांत "प्लास्टिकचे" म्हणून निवडून फेकले जातात, कारण ते कसले आहेत हे कुणी नीट सांगितलेलंच नसतं. कागदावर उष्मांक आणि प्रथिनं बरोबर असतात. पण अन्न पोटात जायला जिभेची परवानगी लागते, आणि ती परवानगी मागायची कुणाला गरज वाटत नाही. गरिबाला भूक असते, चव नसते, हा समज आपल्या योजनांच्या तळाशी दडलेला आहे.

याची दुसरी बाजूही पाहा. राज्य सरकारने नोव्हेंबर २०२३ मध्ये शाळेच्या पोषण आहारात आठवड्यातून एकदा अंडं द्यायचं ठरवलं. अंडं न खाणाऱ्या मुलांना फळ. जानेवारी २०२५ मध्ये त्यासाठीचा निधी थांबला आणि अंडी हवी असतील तर शाळांनी लोकसहभागातून आणावीत असं सांगण्यात आलं. ज्यांच्या घरी अंडं रोज परवडतं किंवा जे अंडं खातच नाहीत, त्यांना यात काही गमावल्यासारखं वाटणार नाही. पण ज्या मुलीला आठवड्यातलं ते एकच अंडं मिळणार होतं, तिच्या पानावरून ते उचललं गेलं. माझी आवड ही माझ्या ताटाची हद्द आहे. ती दुसऱ्याच्या मुलाच्या ताटाची हद्द होता कामा नये.

आणि आता त्या जिभेविषयी, जिला कुणीच काही विचारत नाही. घरात प्रत्येकाची आवड पाठ असलेली एक व्यक्ती असते. सासऱ्यांना आमटी पातळ लागते, नवऱ्याला भाजीत कूट चालत नाही, धाकट्याला वांगं नको. तिला स्वतःला काय आवडतं, हे एकदा विचारून पाहा. पुष्कळ घरांत पहिलं उत्तर येईल, "मला काय, काहीही चालतं." ती सगळ्यांच्या मागून जेवते, कढईला लागलेलं पुसून खाते, आणि दुपारची भूक चहाने मारते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. जेवणाबरोबरचा चहा अन्नातलं लोह शरीरात नीट शोषलं जाऊ देत नाही. म्हणूनच हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ च्या आहार-मार्गदर्शनात जेवणाआधी आणि नंतर निदान तासभर चहा-कॉफी टाळायला सांगितलं आहे. पालेभाजीवर पिळलेलं लिंबू मात्र तेच लोह आत घ्यायला मदत करतं. पण लिंबू पिळायला आधी तिच्या पानात पालेभाजी उरायला हवी. जिची आवड घराला माहीत नाही, तिची भूकही घराला माहीत नसते.

हे बदलता येतं का? येतं, आणि त्याचा मोठा दाखला आहे. ज्या वर्षी महाराष्ट्र दुष्काळात होरपळत होता त्याच १९७२ साली फिनलंडच्या उत्तर करेलिया प्रांतात एक प्रकल्प सुरू झाला. तिथले पुरुष ऐन उमेदीत हृदयविकाराने दगावत होते. लोण्याचे जाड थर आणि मीठ ही तिथली जीभ होती. पेक्का पुस्का या तरुण डॉक्टरच्या पुढाकाराने गृहिणींच्या संघटनांनी गावोगावी स्वयंपाकाचे मेळावे घेतले, कारखानदारांना मीठ-चरबी कमी करायला लावलं, भाज्या-फळं पानात आणली. काही दशकांत काम करत्या वयाच्या पुरुषांतले हृदयविकाराचे मृत्यू ऐंशी टक्क्यांहून अधिक घटले. आणि जीभ? कमी मिठावर काही महिने राहिलेल्या माणसाला पूर्वीचं जेवण खारट लागू लागतं, हे प्रयोगांनी दाखवलेलं आहे. पहिले काही आठवडे अळणी वाटतात, एवढीच काय ती किंमत. हे काम गावातल्या बायकांनी हाती घेतलं म्हणून झालं. आपल्याकडे बचत गटांचं जाळं वाडीवस्तीपर्यंत पोचलेलं आहे. अंगणवाडीचं पाकीट कसं लागतं, हे त्या बायकांना विचारा. ते बनवायचं काम त्यांच्याच हाती, त्यांच्याच गावच्या धान्यातून द्या. पाककृती ठरवताना मुलांनी चाखून मान हलवल्याशिवाय कागदावर सही करू नका.

घरात करायचं ते याहून सोपं आहे. न आवडलेला पदार्थ पुन्हा वाढा, बोटभर वाढा, आणि तुम्ही स्वतः तो मुलासमोर खा. आमिष दाखवू नका, दाबून भरवू नका. चहातली साखर दर आठवड्याला थोडी थोडी कमी करा. जीभ मागे मागे येईल. दुसऱ्याच्या डब्याला नावं ठेवू नका, आणि मुलाने ठेवली तर तिथल्या तिथे थांबवा.

आणि एक मागणं. बाळ सहा महिन्यांचं झालं की आपण उष्टावण करतो. मामाच्या मांडीवर बाळ बसतं, चांदीच्या वाटीतली गोड खीर त्याच्या ओठांना लागते, टाळ्या पडतात. हा संस्कार मोडा असं मी म्हणत नाही. तो मोठा करा. खीर असू दे, साखरेवाचून, नाचणीची. तिच्याशेजारी मऊ भाताबरोबर वरण, कुस्करलेला लाल भोपळा आणि शिजवून घोटलेली मेथीची चिमूट ठेवा. मीठ-साखर वर्षभर लांबच राहू द्या. मामाने खीर द्यावी, आजोबांनी भोपळा, आत्याने मेथी. मेथीला बाळ तोंड वाकडं करील, सगळे हसतील, कुणी रागावणार नाही, आणि उद्या ती पुन्हा वाढली जाईल.

पण त्याआधी, त्याच पाटावर, सगळ्यांच्या देखत बाळाच्या आईचं पान मांडा. पहिलं, गरम, पुरेसं, आणि तिला विचारून केलेलं. ती चवीने जेवत असताना तिच्याकडे टक लावून पाहणारं बाळ, कुणी काही न शिकवता, जेवायचं कसं ते शिकेल.